मामा काहून नाई जेवले?

प्रल्हादभाऊ, काल तुमची तेरवी झाली. जेवण चांगलं होतं, माणसंही पुष्कळ आली होती, पण तुमच्या फोटोला घातलेला हार तुम्ही दुकानाच्या दारातसुद्धा टांगू दिला नसता. शेवंती शिळी, आणि मधे मधे कसली तरी विलायती पानं खोचलेली. तेरवीला घरच्या दुकानातली फुलं वापरू नयेत असं कोणीतरी तुमच्या मुलाच्या डोक्यात भरवलं म्हणे, म्हणून बाहेरून आणला. अर्ध्या अमरावतीच्या लग्नांना फुलं पुरवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा हार. मी वहिनींना म्हटलं, भाऊंनी हा पाहिला असता तर उठून बसले असते. वहिनी आधी हसल्या, मग रडल्या, मग मला वाढायला पाठवून त्या आत निघून गेल्या.

भाषणंही झाली. एकानं तुम्हाला दानशूर म्हटलं. दुसऱ्यानं सांगितलं, की भाऊंनी गरीब लेकरांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी अख्ख्या वऱ्हाडातून देणग्या गोळा केल्या. मला उठून सांगावंसं वाटलं, की 'देणगी' हा शब्द ज्यानं ज्यानं तुमच्या दुकानात उच्चारला त्याला तुम्ही चहासुद्धा विचारला नाही. पण गप्प बसले. मास्तरीण निवृत्त झाली तरी चुका दुरुस्त करायची खोड जात नाही, असं कोणी म्हणायला नको.

तुम्हीच सांगितलेली गोष्ट आहे. तुमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाच्या हृदयाला भोक निघालं. नागपूरला ऑपरेशन झालं आणि खर्च तुम्ही केला. बहिणीनं आभार वगैरे काही मानले नाहीत. उलट एक दिवस डबा उशिरा पोचला म्हणून सगळ्या वॉर्डासमोर तुम्हाला झापलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मात्र कुठल्याशा संस्थेची मदत मिळाली होती आणि ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या, अगदी फरशी पुसणाऱ्याच्यासुद्धा, पाया पडत होती. "माह्या बहिनीची मान खाली नाई गेली, मॅडम," तुम्ही म्हणायचे. "तिनं मले वरून शिव्या देल्या. मामानं नाई करायचं तं कोनं करायचं? त्या दुसऱ्या बाईले भाऊ नोयता, एवढंच."

तिथून तुमचा तो नियम निघाला. पैसे देणाऱ्यानं दाता व्हायचं नाही, मामा व्हायचं. फोटो नाही, सत्कार नाही, पेपरात नाव नाही. ऑपरेशनच्या आधी लेकराच्या घरी जायचं, हातात चिवडा, शेव, बोरं, जे काही भातकं जमेल ते न्यायचं, लेकराला मांडीवर घ्यायचं आणि बहिणीच्या घरी पाटावर बसून जेवायचं. जेवल्याशिवाय मामा होत नाही, या बाबतीत तुम्ही कोणाचं ऐकत नव्हता. सरकारी योजनेत जे लेकरू बसायचं नाही ते फिरत फिरत तुमच्या फुलांच्या दुकानाशी यायचं, आणि तुम्ही हार ओवणाऱ्या बायकांना बाजूला सरकायला सांगून त्याच्या आईला बसवायचे.

मला तुम्ही यात ओढलं ते समजावून सांगण्यासाठी. मी जन्मभर अकोल्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, जठारपेठेत घर, मुलं बाहेरगावी, म्हणजे तुमच्या भाषेत रिकामी. मी आईबापांना पाटीवर चार खोल्यांचं घर काढून दाखवायची. हे हृदय. या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला भोक आहे, म्हणून चांगलं रक्त आणि वाईट रक्त एकात एक होतं. डॉक्टर ते भोक बुजवणार. एकदा एका बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घराले तं एकच खोली हाय, मॅडम, तरी एवढी भानगड नाई." तुम्ही इतके हसलात की पाटी माझ्या हातातून घेऊन पुसून टाकलीत.

आणि काय काय मामा जमवले तुम्ही. बँकेतले ते साहेब आठवतात? आयुष्यात पहिल्यांदा मांडी घालून बसले असावेत. ठेच्याचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून धारा. ज्याचं ऑपरेशन होतं ते पोरगं उठून त्यांची पाठ थोपटायला लागलं, "मामा, रडू नोका, दुखत नाई म्हन्ते मॅडम." साहेब नंतर दर दिवाळीला त्या घरी जात राहिले. हे मी कोणाला सांगितलं तर बनवून सांगते असं वाटेल.

आता आपल्या भांडणाकडे येते. भाषणात ते आलं नाही, यायचं कारणही नव्हतं, ते आपल्या दोघांचं होतं.

प्रज्ञाचं ऑपरेशन ठरलं होतं. मूर्तिजापूरच्या पलीकडचं गाव, बाप घरं रंगवणारा, आई वनिता रोजमजुरीला. आमच्याच समाजाचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली प्रज्ञाची शाळेची पिशवी. पोरगी दहा पावलं चालली की उकिडवी बसायची आणि ओठ जांभळे व्हायचे. मामा म्हणून तुम्ही अकोल्याचे एक जिनिंगवाले शेठ तयार केले होते. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. त्यांनी गाडी काढली, मिठाईचा एवढा मोठा खोका आणला, प्रज्ञाला मांडीवर घेतलं, तिच्याशी चांगलं बोलले. वनितानं ताटं मांडली. पाटवड्यांचा रस्सा, भाकरी, भात. शेठ म्हणाले, "माझा आज उपास आहे."

वनिता म्हणाली, "मंग साबुदान्याची उसय टाकतो, भाऊ, पाच मिन्टात होते."

"नाही, नाही. निर्जळी आहे."

तुम्ही आणि मी जेवलो. तुम्ही दोनदा रस्सा मागून घेतला. निघताना प्रज्ञा तुमच्या सदऱ्याला धरून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मामा काहून नाई जेवले?" तुम्ही तिला सांगितलं की मामांचा उपास आहे. तिनं मान हलवली.

आणि मग मूर्तिजापूरच्या फाट्यावर शेठनी गाडी थांबवली आणि ड्रायव्हरला तीन प्लेट भजी आणायला सांगितलं. मला खरंच वाटतं की ते विसरले होते. भूक लागली होती, भज्यांचा वास आला, बस्स. पहिलं भजं तोंडात गेल्यावर त्यांना आठवलं आणि त्यांचे कान लाल झाले, मी मागच्या सीटवरून पाहिलं. तुम्ही खिशातून त्यांचा चेक काढला, सीटवर ठेवला आणि म्हणालात, "शेठ, तुमचा उपास सुटला, बरं झालं." आणि दार उघडून उतरलात. आवाजसुद्धा चढवला नाही. मग मलाही उतरावं लागलं, नाहीतर मी काय, भजी खात अकोल्याला जाणार होते?

एसटीची वाट पाहत आपण त्या फाट्यावर जे भांडलो त्यानं तिथली कुत्रीसुद्धा उठून गेली. मी म्हटलं, पोरीच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे. तुम्ही म्हणालात, दुसरा मामा पाहतो. मी म्हटलं, तोवर तारीख थांबणार आहे का? तुम्ही म्हणालात, "त्यानं त्या पोट्टीच्या घरचं पानी नाई पेलं, मॅडम. त्याच्या पैशानं तिचं दिल कसं दुरुस्त करू?" मी म्हटलं, दिलाला पैसा कोणाचा ते कळत नाही, डॉक्टरला कळतं तेवढं पुरे. मग मी ते बोलले जे मला बोलायचं होतं. अपमान कोणाचा झाला? तुमचा नाही. तुम्ही फुलमाळी, तुमच्या हातचा हार देवाला चालतो. अपमान वनिताचा झाला आणि माझा झाला. आम्ही असले उपास लहानपणापासून पाहत आलो आहोत. आमच्या अपमानासाठी आमच्या पोरीचं ऑपरेशन पुढे ढकलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मला विचारलं का? वनिताला विचारलं का?

तुम्ही एवढंच म्हणालात, "एसटी आली."

वनिताला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. "मले समजलं होतं, मॅडम. उपासवाल्या मान्साचं तोंड येगळं रायते. पन मले त्याच्या जेवनाचं काय करायचं? मले माही पोट्टी पायजे." हे तिचे शब्द मी तुम्हाला फोनवर जसेच्या तसे ऐकवले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि फोन ठेवलात.

तारीख गेली. दुसरी मिळेपर्यंत प्रज्ञाला ताप भरला, छातीत कफ, अमरावतीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता ताप पूर्ण उतरल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढू नका. मी तिच्या खाटेशी उभी राहून तुम्हाला म्हटलं, हिला काही झालं तर मी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही, आणि तुमचा मामा-भाच्याचा खेळ तुम्हीच खेळत बसा. तुम्ही त्या दिवसांत अर्धे झाला होता, दाढी वाढली होती, वहिनी सांगत होत्या की भाऊ ताटावरून उठून जातात. हे मला दिसत होतं, पण म्हणून माझा राग कमी झाला नाही.

मग तुमचा फुलबाजार आला. हमाल, गजरे करणाऱ्या बायका, निशिगंधवाले मुस्लिम आडते, हार नेणारे मंदिरवाले, सगळ्यांनी मिळून खर्च उचलला. टेम्पो भरून मामा. वनिताच्या एका खोलीत मावेनात म्हणून अंगणात पंगत बसली आणि वनितानं अख्ख्या गल्लीतल्या बायका भाकरी थापायला बसवल्या. प्रज्ञा एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर अशी फिरत होती. ऑपरेशन झालं, नीट झालं. आता पोरगी सायकलनं शाळेत जाते आणि आईचं ऐकत नाही.

म्हणजे तुम्ही जिंकलात असं तुमच्या फुलबाजारानं ठरवलं. मी ठरवलं नाही. ताप वाढला असता तर? या प्रश्नाचं उत्तर, पोरगी वाचली, हे होत नाही. जीवशास्त्राच्या पेपरात असं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य दिलं असतं. दर भेटीत मी हा विषय काढायची आणि दर भेटीत तुम्हाला गिऱ्हाईक आठवायचं.

शेवटी तुमची किडनी गेली आणि तुम्ही स्वतःच खाटेवर आलात, तेव्हा पळायला जागा नव्हती. मी तुम्हाला भेटायला आले ती विचारायलाच आले होते, खोटं कशाला सांगू. तुम्ही हातानं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. "तुमचं बराबर होतं, मॅडम," तुम्ही म्हणालात. मी खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांनी. आणि मग तुम्ही म्हणालात, "पन मी पुन्यांदा तेच करीन." आणि डोळे मिटून घेतले. मरणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही, एवढंच तुम्हाला वाचवून गेलं.

मला तेव्हा तुम्हाला आणखी एक सांगायचं होतं, ते चिडल्यामुळे राहून गेलं. आमच्या माणसांच्या बाजूनं बोलणारे मी पुष्कळ पाहिले, भाऊ. स्टेजवर बोलतात, जयंतीला बोलतात, चांगलं बोलतात. स्वतःचं काही अडलेलं नसताना गाडीतून उतरलेला मात्र मी एकच पाहिला. त्या फाट्यावर तुमच्याशी भांडताना माझा आवाज मधेच बसला होता, तो धुळीमुळे बसला नव्हता. तुम्ही चुकलात असं मला वाटत होतं आणि तुमच्याबद्दल माया दाटून येत होती, दोन्ही एकदम. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही आधी मला तुमचा तो उतरतानाचा पाय आठवला.

आता कामाचं सांगते. तुम्ही गेल्यावर चारपाच दिवसांत शेठचा फोन आला. तेच शेठ. म्हणाले, प्रल्हादभाऊंच्या नावानं एखाद्या मुलाचं ऑपरेशन करायचं आहे, पूर्ण खर्च माझा. परतवाड्याच्या बाजूचा ओम आपल्याकडे मदतीसाठी येऊन थांबलेला तुम्हाला माहीत होता. चार वर्षांचा, आई रंजना, घरचे लोक वांगी-कोथिंबीर पिकवून बाजारात विकतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला थांबवू नका. तुम्ही नाही, मामा शोधायला कोणी नाही, मला लोकांच्या दुकानी जाऊन असं मागता येत नाही.

मी हो म्हटलं.

शेठ म्हणाले, "मॅडम, त्यांच्या घरी जायचं असतं ना? मी येतो. या वेळेस..." मी म्हटलं, नको. तुम्ही देणगीदार. पावती देते, पेपरात नाव देते, तुमची हरकत नसेल तर फोटोही देते. ते बरं म्हणाले. त्यांना लागलं असेल. आले असते तर कदाचित जेवलेही असते. पण ते जेवतात की नाही हे पाहत बसायची ताकद माझ्यात नव्हती आणि ओमला तारीख मिळाली होती. तेव्हा तुमचा नियम मी मोडला आहे. तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा.

पण लेकराच्या घरी कोणीतरी जायला हवं होतं, पाटी घेऊन. तेरवीच्या आधी एकदा मीच गेले. एकटी. भातकं म्हणून शेव नेली. ओम चिकटून बसला, शेव संपेपर्यंत हलला नाही. मी चार खोल्यांचं घर काढलं, रंजनाला समजावलं, ती हुशार आहे, मला उलट प्रश्न विचारत होती. तिची सासू दारात बसून सगळं ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "तुमी कोनाच्या, बाई? आडनाव काय म्हनलं?"

इतकी वर्षं तुमच्याबरोबर फिरले, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तुम्ही पुढे असायचे, मी भाऊंबरोबर आलेली मॅडम असायची, ताट तुमच्यामागून यायचं. मी आडनाव सांगितलं. म्हातारी "अस्सं" म्हणाली आणि उठून आत गेली.

रंजना ओमचं नाक पुसत होती. मी पाटी पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते. आतून भांड्याचा आवाज आला, मग बंद झाला. जेवणाचं काय एवढं, पोरगं महत्त्वाचं, हे वाक्य मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल, आणि माझं सगळं लक्ष त्या आतल्या दाराकडे. पैसे मिळाले होते, तारीख मिळाली होती, माझं तिथलं काम संपलं होतं, मी उठून एसटी पकडू शकत होते. मी उठले नाही. साठी उलटलेली बाई मी, तहान लागली होती आणि पाणी मागायची हिंमत होत नव्हती.

म्हातारी ताट घेऊन बाहेर आली. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं, दुसरं ताट स्वतःसाठी आणलं आणि माझ्या शेजारी बसली. "कोरड्यास तिखट झालं अशीन," म्हणाली. मी जेवले. भाकरी आणखी मागून घेतली, भूक नसताना.

ओमचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. ताट यायच्या आधी माझं काय झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, वहिनींनाही नाही. तुम्ही हयात असता, भाऊ, तर तुम्हाला तर मुळीच कळू दिलं नसतं.